दाराआड सून, पेटीत अजगर

मी मूळची हदगावकडची, ताई. गाव लहान, नाव सांगून तुम्हाला कळायचं न्हाई, हदगावला उतरून टमटमनं पुढं जावं लागतंय. बाप कापूस लावायचा, आम्ही बहिणी येचायला, आन् कापसाच्या रानात पोरीला पहिलं काय शिकवत असतील तर पाय टाकायच्या आधी काठी टाकायची. झाडाच्या बुडाला काठीनं हाणायचं, थोडं थांबायचं, मंग वाकायचं. असं लहानपण गेलेलं माणूस मी, गॅसची नळी फरशीवर वाकडी पडलेली दिसली तरी साप समजून मी पहिल्यांदा मागं सरकते आन् मंग बगते. त्या मला ह्या वयात घरात साप सांभाळायची येळ आली. काय सांगू तुम्हाला, हसू नका.

लगीन होऊन मुरुडला आले, लातूरकडचं मुरुड, मोठं गाव हाय, बाजारपेठ हाय, पण मालकाचं मन शेतीत न्हाई, त्यांचा जीव गाईत. म्हणून मंग आम्ही लातूरला येऊन राहिलो, गावाबाहेरच्या वस्तीत, म्होरं दोन खोल्या, मागं एक, बाजूला पत्र्याचा गोठा. मी दालमिलला जाते, तूर निवडायला, अजून बी जाते. मालकाच्या दोन देवणी गाई, दूध घालतात घरोघर. आन् त्यांचं म्हणणं काय, जनावर कसलं बी असू द्या, त्याला आपल्या हातानं चारलं की ते आपलं होतंय. लाथाड गाय आणली की हे हातावर गूळ-भाकर घेऊन तिच्यापाशी उभे, पाठीवरून हात फिरवणार, तोंडानं चकचक करणार, आन् बघता बघता ती गाय ह्यांच्या मागं मागं फिरणार. ते खोटं न्हाई, मी बघितलंय. पण ते गाईचं झालं, सापाचं कसं होतं ते पुढं सांगते.

पोरगा एकच, दत्ता. ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर हाय, आज घरी तर उद्या पुण्याला. सून नांदेडची, ज्योती. शिकलेली पोरगी, मेडिकल दुकानात काम करते, तोंडानं गोड पण हट्टी, आन् मी बी काही कमी न्हाई, म्हणून पहिलं वर्ष आमचं भांड्याला भांडं लागतच होतं. तिला आई न्हाई. बापानं दुसरा घरोबा केला. धाकटा भाऊ एक, राहुल, ह्या दोघांनीच एकमेकाला वाढवलं म्हणा. आन् त्या राहुलला नाद जनावरांचा, मासे काय, कासव काय, आन् एक अजगर. आपल्याकडचा अजगर न्हाई बरं का, आपल्याकडचा पाळला तर वनखातं धरून नेईल, हे आफ्रिकेकडचं लहान जातीचं, माझ्या हातानं मोजलं तर अडीच हात लांब, मनगटाएवढं जाड, रीतसर नोंद करून घेतलेलं. राहुलला मस्कतला काम लागलं तव्हा काचेची पेटी घेऊन पोरगं आमच्या दारात उभं, ताई तुझ्याशिवाय कोणापाशी ठेवू म्हणलं. ज्योतीनं कागद आपल्या नावावर करून घेतले आन् पेटी मागच्या खोलीत. मी म्हणले घरात साप राहील तर मी मुरुडला जाते. कोणी अडवलं न्हाई, म्हणून गेले न्हाई.

त्याचं नाव बंटी. आमच्या गल्लीत आधीच दोन बंटी, ज्योती आतून म्हणायची आज बंटीनं उंदीर खाल्ला, की मला शेजारणीचं पोरगं डोळ्यापुढं यायचं. ज्योतीच्या हातात मात्र तो शांत, गळ्यात घालून बसायची, मी दारातूनच तोंड फिरवायची.

मंग ज्योतीला दिवस गेले आन् तिसऱ्याच महिन्यात सगळं गेलं. लई वाईट झालं ताई. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मालकाची थोरली बहीण, आक्का म्हणतो आम्ही, ती मुरुडहून भेटायला आली आन् माझ्यापाशी चुलीम्होरं बोलावं तसं हळू म्हणली, घरात साप ठेवता आन् घरात पोटुशी बाई, दुसरं काय होणार. मी तिला तोंडावर म्हणले, आक्का, हे माझ्यापाशी बोललीस ते बोललीस, पोरीपाशी बोलू नको. पण खरं सांगू का, माझ्या मनात किडा शिरलाच. आमच्याकडं म्हणतेतच, पोटुशी बाईनं सापाला बघू न्हाई, तिची नजर पडली की साप आंधळा होतो, आन् आंधळा केलेला साप डूख धरतो, तो डूख लेकराला लागतो. मी लहानपणापासून हेच ऐकत आले. आमची आई पोटुशी असताना रानाच्या वाटंनं डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून जायची.

म्हणून दुसऱ्या येळंला जव्हा ज्योतीनं सांगितलं की दिवस राहिलेत, तव्हा मी पहिल्यांदा मागच्या खोलीचं दार लावलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या होत्या की अशा जनावराला सध्या हात लावू नको, घाण पोटात जाऊन आजार होतो, बघायला काही हरकत न्हाई. मी म्हणले डॉक्टरीणबाईचं अर्धं आपण ऐकू, हात लावू नको, आन् माझं बी ऐक, बघू बी नको. ज्योती माझ्याशी भांडणार असं मला वाटलं. ती निस्ती बरं आत्या म्हणली, मला ती आत्याच म्हणती, आन् तव्हाच मला कळलं की आक्काचं बोलणं कसंबी करून तिच्या कानावर गेलंय.

आता सांभाळणार कोण. दुसऱ्याकडं द्यायचं ज्योतीच्या जिवावर आलं, राहुल रोज फोनवर त्याची खुशाली इचारतो. दत्ता दिसायला एवढा मोठा गडी, बस घाटातून नेतो, पण पेटीचं झाकण उघडलं की घाम फुटतो. मालक म्हणले द्या माझ्याकडं, जनावर ते जनावर. उंदीर मेलेला येतो, बर्फातला, पुण्याहून दत्ता आणायचा, तो कोमट करून लांब चिमट्यानं द्यायचा असं ज्योतीनं सांगितलेलं. मालकानं चिमटा ठेवला बाजूला आन् बोटात उंदीर धरून, चकचक करीत, गाईला चारतेत तसं चारायला लागले. सापाला कान न्हाईत, ऐकणार काय. त्याला एवढंच कळलं की वरून गरम हात आला म्हणजे खाणं आलं. मंग निस्ता हात दिसला तरी फाडकन तोंड टाकायचा. पाणी बदलायला गेलं तरी तोंड टाकायचा, काचेवर डोकं आपटायचा. मालकाच्या अंगठ्याला दोनदा दात लागले तव्हा मालकांचा सगळा उत्साह संपला. म्हणले हे जनावर मारकं हाय, आपल्या हातचं न्हाई, सोडून द्या कुठंतरी.

दाराबाहेर ज्योती उभी होती. तिनं ऐकलं. संध्याकाळी मी भाकरी करत बसले होते, माझ्यापाशी येऊन बसली, आन् म्हणली, आत्या, त्याला बाहेर सोडला तर तो दोन दिवसांत मरंल, मी राहुलला काय सांगू. तिच्या डोळ्यात पाणी न्हाई काही न्हाई, पण हात पोटावर धरलेला. पोटुशीला असं झुरत ठेवायचं का. माझ्या तोंडून निघून गेलं की मी करते. निघाल्यावर मलाच धडकी भरली, पण आता बोलले होते.

मंग सुरू झालं आमचं. दालमिलहून आले की मी आत, दार लावलेलं, आन् ज्योती दाराबाहेर पाटावर बसून सांगायची. पहिले काही दिवस तिनं मला काहीच करू दिलं न्हाई. निस्तं बसा म्हणली त्याच्या खोलीत, तूर आणा निवडायला, त्याला तुमची सवय होऊ द्या. तुमचं जुनं धुडकं, अंगाला लागलेलं, पेटीच्या कोपऱ्यात ठेवा, वास ओळखतो तो. मी बसायची पेटीपासून लांब, भिंतीला पाठ लावून, आन् तो आपल्या मडक्याच्या खापरीखाली, फक्त नाक बाहेर. माझा हात तुरीत आन् डोळा त्याच्यावर. दाण्यात खडा राहायचा, मुकादम ओरडायचा.

मंग आकडी आली. लोखंडी काडी, पुढं वाकवलेली. ज्योती म्हणली आधी हात धुवा साबणानं, खाण्याचा, उंदराचा, कशाचाच वास नको. मंग आकडीनं त्याच्या अंगाला हळू शिवायचं, मध्ये, डोक्याला न्हाई, म्हणजे त्याला कळतंय की आता खाणं न्हाई, आता उचलायचंय. वरून हात आणायचा न्हाई, वरून घार येते, बाजूनं आणायचा. अर्धं अंग एका हातावर, अर्धं दुसऱ्या हातावर, डोकं धरायचं न्हाई, आवळायचं न्हाई. जेवला असंल तर दोन दिवस शिवायचं न्हाई. आन् आत्या, तोंड टाकलं तर हात झटकायचा न्हाई. हे शेवटचं ती मला रोज सांगायची, आन् मी रोज हो हो म्हणायची. पण हातच तो, इजेचा झटका बसल्यावानी आपोआप मागं येतोय. कितीतरी दिवस मी आकडीनं शिवायची, तो फुस्स करून मान इंग्रजी एस सारखी वळवायचा, आन् मी झाकण लावून बाहेर. ज्योती इचारायची उचललं का, मी म्हणायची उद्या.

एके दिवशी उचलला. घाम माझ्या हनुवटीवरून गळून राहिला होता, त्याच्या अंगावर पडला. गार लागलं अंग, आन् जड, आन् आतून सरकत होतं. त्यानं तोंड टाकलं न्हाई. मी दाराकडं तोंड करून म्हणले, ज्योते, हातात हाय. बाहेरून पोरगी रडल्याचा आवाज आला. मला कळंना मी सापाकडं बघू का दाराकडं.

असं बरं चाललं होतं. तोंड टाकणं कमी झालं, सहावा महिना लागला, मी म्हणले निघालं आता. आन् नागपंचमी आली.

तुम्हाला ठाऊकच हाय, आदल्या दिवशी भावाचा उपास असतो, नागोबाला भाऊ मानून बाया उपास धरतेत. आक्का आपल्या भावाकडं म्हणून आमच्याकडं आली. ज्योतीला मी उपास धरू दिला न्हाई, पोटुशीला कसला उपास. पण सकाळपासून तिचा जीव भावात. मस्कतला फोन लावायची, लागायचा न्हाई. मी दालमिलला गेले. दुसऱ्या दिवशी पंचमी. घरात चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, तवा चढवायचा न्हाई, पुरणाची दिंडं उकडली. आक्का लाह्या आन् दूध घेऊन बसली, वारुळाला जायचं म्हणून, आन् तिथं मालकाला काय सुचलं कोण जाणे. म्हणले घरात नागोबा असताना वारुळाला कशाला जायचं. मी गोठ्यात होते. हे कुंकवाची वाटी, दूध आन् लाह्या घेऊन मागच्या खोलीत गेले, आक्का दारात उभी. आन् जनावराला हातचं करायची ती खोड, ती काही जात न्हाई, खिशात उंदीर घेऊन गेले होते, म्हणले सणाच्या दिवशी आधी गोड करावं त्याला. आधी उंदराला हात लावला, त्याच हातानं कुंकू लावायला गेले, वरून.

ओरडण्याचा आवाज आला आन् मी पळत गेले. बघते तर त्याचं तोंड मालकाच्या मनगटात रुतलेलं आन् सगळं अंग हाताला गुंडाळलेलं, कोपरापर्यंत. दूध सांडलेलं, कुंकू सगळीकडं, रक्त कोणतं आन् कुंकू कोणतं कळंना. मालक हात झटकत होते, भिंतीवर आपटत होते. ज्योती बाहेरून ओरडून राहिली, ओढू नका, ओढू नका मामा, दात आत वळलेले असतेत, मांस फाटंल. मालक म्हणले विळी आण. कापून टाकतो ह्याला. मी जागची हलले न्हाई. आक्का म्हणली न्हाई. दारात आडवी झाली, दोन्ही हात चौकटीला. आज पंचमी हाय, म्हणली, आज ह्या घरात विळीला कोणी हात लावायचा न्हाई. मालक म्हणले अगं मी मरतोय. आक्का म्हणली मेलास तरी आज न्हाई. ज्या बाईला तो साप घरात नको होता ना ताई, तीच बाई.

मंग ज्योतीचा आवाज आला, एकदम शांत, मेडिकलमध्ये गोळ्या सांगते तसा. आत्या, मामांना खाली बसवा. हात जमिनीला टेकवा. शेपटीकडून सोडवा, डोक्याकडून न्हाई, शेपटीचं टोक धरा आन् उलटा येढा काढा. मी बसले. शेपूट धरली. एक येढा निघाला की तो दुसरा आवळायचा. मालक लहान लेकरासारखे कण्हत होते. आक्कानं माठातलं गार पाणी आणलं, ज्योती म्हणली तोंडावर हळूहळू ओता, त्यानं सोडलंच पाहिजे. ओतलं. थोडं थांबलो. परत ओतलं. त्यानं तोंड सैल केलं, आन् माझ्या हातात सगळा लोंबकळला. मी त्याला पेटीत ठेवला, झाकण लावलं, आन् तव्हा त्याचं तोंड माझ्याकडं झालं.

डोळे पांढरे. दोन्ही. नीळ घातलेल्या पाण्यासारखे, आत बुबुळ म्हणून काही दिसंना.

मी गप राहिले असते हो. पण आक्कानं बी बघितलं, आन् मालकानं बी. मालक मोठ्यानं म्हणले, आंधळा झालाय हे. आक्का तोंडावर पदर घेऊन मटकन खाली बसली. मी बाहेर गेले तर ज्योती पाटावर बसलेली, तोंड पांढरं पडलेलं, म्हणली, आत्या, मी काल बघितलं त्याला. राहुलचा फोन लागंना, भावाचा उपास होता, मला राहवलं न्हाई, म्हणून दार थोडं उघडलं.

मालकाला दत्तानं घरी आल्यावर दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, जखम पुढं भरली, त्यांचं काही न्हाई. ज्योतीचं मात्र सगळं बिघडलं. तिला ठाऊक होतं हो, तिनंच मला मागं सांगितलेलं, कात टाकायच्या आधी सापाचे डोळे असे होतेत, मंग साफ होतेत, तव्हा त्याला दिसत न्हाई म्हणून तो जास्त चिडतो, तव्हा त्याला शिवायचं न्हाई. सगळं ठाऊक. मी तिला म्हणले अगं तूच सांगितलं होतंस ना. म्हणली हो आत्या, मला कळतंय, पण मागच्या खेपंला बी मी त्याला रोज बघत होते. आन् मंग जेवण सोडलं तिनं. घास पुढं केला की दोन घास खायची आन् उठायची. एक दिवस म्हणली लेकरू हालंना झालंय. धावत गेलो. डॉक्टरीणबाईनं ठोके ऐकवले, लेकरू चांगलं हाय म्हणल्या, पण आईचं बीपी वाढलंय, हिला कशाची तरी फिकीर लागलीय, ती आधी काढा.

आन् डोळे काही साफ होईनात. त्या साली श्रावणात पाऊस गायब, लातूरची हवा माहीत हाय तुम्हाला, अंगावरची कातडी ओढून धरती माणसाच्या, तर त्याचं काय. कात सुटायला लागली पण तुकड्या तुकड्यानं, मानंपाशी फाटून बसली. डाव्या डोळ्यावर पांढरी चकती तशीच. उजवा थोडा साफ वाटायचा, डावा दगड. मी रोज बघायची आन् बाहेर येऊन तिला म्हणायची, होतंय, होतंय. तिला माझ्या तोंडावरून कळायचं.

दत्ता पुण्याला, मालक हात गळ्यात बांधून गोठ्यात, अशी दुपार. मी आत गेले, पेटीपाशी बसले आन् दारातून म्हणले, ज्योती, सांग कसं काढायचं. काही आवाज न्हाई. परत म्हणले. न्हाई. मला ठाऊक होतं ती पाटावर बसलेली हाय, बांगडीचा आवाज आल्ता. मला लई राग आला ताई, सहा महिन्याची पोटुशी हाय म्हणून मी गप होते इतके दिवस. मी म्हणले हे बघ, तुला बोलायचं नसंल तर राहू दे, मी अडाणी बाई, मी आपली नखानं काढते ती चकती. तशी ती ओरडली. नख न्हाई, आत्या, नख न्हाई लावायचं, डोळा जाईल त्याचा. मी म्हणले मंग बोल की.

बोलली. रडत रडत, पण बोलली. टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळा, लई गरम नको, मनगटावर बघा. एक टॉवेल डब्यात, तो त्यात ठेवा, झाकणाला भोकं हायेत ना ते बघा. थोड्या येळानं दुसरा टॉवेल दोन्ही हातात धरा सैल, आन् त्याला त्यातून जाऊ द्या. तो आपल्या अंगानं जाईल. तुम्ही ओढायचं न्हाई, निस्तं धरायचं.

आता इचार करा. दिसत न्हाई त्याला, चिडलेला, नुकताच माणसाला चावलेला, आन् मी त्याचं डोकं माझ्या हातात घ्यायचं. मी आकडीनं शिवले. तो फुस्सला. परत शिवले. ज्योती इचारती काय करतोय, मी म्हणले बसलाय. खोटं बोलले, मान वळवली होती त्यानं. टॉवेल बाजूनं पुढं केला आन् तव्हा त्यानं तोंड टाकलं, टॉवेलात, माझ्या बोटापासून इतकंसं. आन् माझा हात मागं आला न्हाई. कसा आला न्हाई देव जाणे, मला वाटलं मी हालले तर बाहेर ती उठून आत येईल, आन् तिला तो असा दिसायला नको.

त्यानं टॉवेल सोडला. मंग त्यात शिरला. मी सैल धरलं, तो पुढं जाऊन राहिला, ओली कात टॉवेलला चिकटून राहिली, सरसर असा आवाज यायचा, आन् मी मनात म्हणत होते की डोळा गेलेला असला तरी मी बाहेर जाऊन चांगला हाय असंच सांगणार. पक्कं ठरवलं होतं ते. देवाची शपथ घालायला लावली असती तर ती बी घेतली असती. ज्योती बाहेरून इचारून राहिली, डोकं निघालं का आत्या, डोकं निघालं का. मंग टॉवेलाच्या दुसऱ्या बाजूनं नाक आलं, मंग डोकं आलं. डावा डोळा काळाभोर. आत चमकतंय, खोलीची खिडकी दिसून राहिली त्यात. टॉवेल उलटा केला तर कातीच्या तुकड्यात ती चकती, घड्याळाच्या काचेसारखी, बारीक, गोल.

मी काय करायला पाहिजे होतं, कात बाहेर नेऊन दाखवायची. मी उठले, त्याला दोन्ही हातावर घेतलं, आन् कोपरानं कडी काढली. माझं मन मला म्हणत होतं बाई काय करतीस, एवढं सगळं झालंय, परत कशाला. माझं मन अजून बी तसंच म्हणतंय, उगं तुमच्यापाशी शहाणपणा कशाला सांगू, लहानपणी भरलेलं जात न्हाई. पण पोरगी दाराआड बसून बसून वाळून चालली होती, आन् दार मीच लावलं होतं. मी उघडलं. ती पाटावरून उठली, तिनं झटकन डोळे मिटले, दोन्ही हातांनी पोट झाकलं. मी म्हणले ज्योती, डोळे उघड. ती मान हालवून न्हाई म्हणली. मी म्हणले उघड पोरी, मी हाय ना, काय व्हायचं ते माझ्यावर. बघ त्याला, पोटभर बघ.

तिनं बघितलं. त्यानं जीभ काढली बारीक, हवेत हालवली, आन् माझ्या मनगटाभोवती गोळा होऊन बसला. माझे हात भरून आले तरी तिचं बघणं संपंना. मंग म्हणली आत्या, भूक लागली. मी म्हणले मी काय ह्याला घेऊन भाकरी थापू का, थांब, पेटीत ठेवू दे.

त्यानंतर त्या खोलीचं दार लागलं न्हाई. हात ती लावायची न्हाई, डॉक्टरीणबाईचं ऐकायची, लांब खुर्ची टाकून बसायची, मोबाईलवर राहुलला दाखवायची. आक्का लई रागावली, बोलणं टाकलं आमच्याशी, पण बाळंतपणाला आली, डिंकाचे लाडू घेऊन. मुलगी झाली, चांगली वजनाची, रडणं असं की गोठ्यातल्या गाई कान टवकारायच्या. आता उभी राहती धरून. बंटीच्या खोलीला बाहेरून कडी असती आता, ती नातीसाठी, आन् त्याला हात लावून आलं की कोपरापर्यंत साबण. अजून बी कधी कधी तोंड टाकतो तो, कात यायच्या दिवसांत तर हमखास, मी आकडी आधी लावल्याबगर पुढं होत न्हाई आन् भीती बी गेली न्हाई माझी. मालक पेटीकडं फिरकत न्हाईत. राहुल सुट्टीवर आला की घेऊन जाईन म्हणतो, घेऊन जाऊ दे, त्याचा हाय.

तुमची लेक दोन जीवाची हाय म्हणलात ना मगाशी, कितवा महिना हाय? मंग तिला माझा एवढा निरोप द्या ताई, की जे बघावं वाटतंय ते बघ, आन् कोणी तिला काही म्हणलं तर म्हणावं लातूरला दालमिलमध्ये द्वारकाबाई हाय, जे काही बोलायचं ते तिच्यापाशी येऊन बोला. सुखरूप सुटू दे माझी माय. थांबा, च्या ठेवते, दूध घरचं हाय.